ओल्या गोणपाटातल्या गोळ्या

"खोलून दाखवा," पौर्णिमा म्हणाली.

"मॅडम, नवीकोरी आहे. कंपनीचं पॅकिंग. खोलून काय बघणार?"

"माझ्याकडं आली की रोज खोलावी लागेल. म्हणून एकदा तुमच्यासमोर खोलते. जमलं तर घेते."

पुण्यातलं ते दुकान खेळाच्या सामानाचं. भिंतीवर रॅकेटी, दोरखंड, तंबू; काचेच्या कपाटात पेंटबॉलचे मार्कर. दिसायला बंदूक, पण या धंद्यात तिला बंदूक म्हणत नाहीत. मागं गॅसची बाटली, वर गोळ्यांचा डबा. घोडा ओढला की बोराएवढी, रंगानं भरलेली गोळी सुटते आणि समोरच्याच्या अंगावर फुटते. डाग पडला तो बाहेर. एवढाच खेळ. पुण्याजवळच्या एका पार्कात पौर्णिमा ओव्हाळनं काही वर्षं याच खेळात शिट्टी वाजवली होती. कोण बाहेर, कोण आत, कुणी मास्क वर सरकवला, हे बघणारी मार्शल. आता गावी, चौसाळ्याला, स्वतःचं मैदान काढायचं म्हणून ती मार्कर घ्यायला आली होती. सोबत आई, केशरबाई. चौसाळ्याच्या स्टँडजवळ त्यांची पानटपरी आहे, आणि एवढी मोठी खरेदी पोरीनं एकटीनं करावी हे त्यांना काही पटलेलं नव्हतं.

दुकानदारानं वरच्या फळीवरचा निळा, चकाकणारा मार्कर काढला. "हा बघा. बॅटरीवर चालतो. बोट नुसतं टेकवलं की धडधडधड!"

"आणि बॅटरीचं सर्किट गेलं तर?"

"इकडं पाठवायचा. करून देऊ आम्ही."

"चौसाळ्याहून? तोवर गिऱ्हाइकाला काय सांगू, तोंडानं धडधड करा म्हणून?"

केशरबाई पदराआड हसल्या. दुकानदार मात्र हसला नाही. पौर्णिमानं खालच्या फळीकडं बोट केलं. तिथं एक काळा, जाडजूड, बिनदिमाखाचा मार्कर पडला होता. सगळ्यात स्वस्त.

"तो अगदी शिकाऊ लोकांचा आहे हो."

"माझ्याकडं येणारे सगळे शिकाऊच असणार. द्या तो इकडं."

तिनं आईचा पदर काउंटरवर पसरला. पिना उपसल्या, पान्यानं एक स्क्रू फिरवला, मागची टोपी काढली. स्प्रिंग, हातोडा, बोल्ट, एकेक तुकडा पदरावर ओळीनं मांडला. प्रत्येक रबरी कडी बोटानं चाचपली. नळी डोळ्याला लावून दिव्याकडं बघितलं. मग आलं त्याच्या उलट क्रमानं सगळं बसवलं आणि घोडा ओढला. खट्ट.

"दादा," केशरबाई दुकानदाराला म्हणाल्या, "माझी लेक आलेली स्थळं एवढी उलटीपालटी करून बघंना, अन् ही बंदूक बघा कशी बघायलीय."

"स्थळ खोलून बघता आलं असतं, माय, तर कवाच लगीन केलं असतं."

आता दुकानदार हसला, आणि हसताहसता त्यानं सौदा वाढवायचा प्रयत्न केला. सगळे एकसारखे कशाला, दोन-चार वेगळे न्या, व्हरायटी दिसेल. पौर्णिमा नाही म्हणाली. सगळे एकाच जातीचे पाहिजेत, एकाचा तुकडा दुसऱ्याला बसला पाहिजे. पार्कात तिनं बघितलं होतं: महागाचे मार्कर दुरुस्तीच्या खोक्यात आराम करायचे आणि पोचे पडलेला, रंग उडालेला साधा मार्कर दिवसभर राबायचा. मार्करवर वाचवलेलं सगळं तिनं मास्कवर घातलं. तिथं मात्र तिनं सगळ्यात वरच्या फळीकडं बोट केलं, आणि केशरबाईंनी "अगं, स्वस्तातला बघ की" म्हटल्यावर म्हणाली, "मार्कर बिघडला तर दुसरा हाय. डोळा बिघडला तर?"

परतीच्या बसमध्ये खोकी मांडीवर घेऊन केशरबाई बसल्या होत्या. बीड जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "पोर्णे, लोक येतील का गं गोळ्या खायला?"

"येतील. रांगा लागतील."

तिला तसं खरंच वाटत होतं.

*

चौसाळ्याजवळ हायवेवर हनुमानअण्णांचं हॉटेल आहे आणि हॉटेलामागं खडकाळ माळ. तिथं गवतसुद्धा उगवायला कंटाळतं. पौर्णिमानं तो माळ मागितला तेव्हा अण्णांना वाटलं, पोरगी चेष्टा करते.

"त्या माळावर? तिथं तर शेरडंबी जात न्हाईत."

"म्हणून तर, अण्णा. लपायला दगड फुकट हायेत."

अण्णा कायम कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. शर्टावर तर्रीचा थेंब पडला तर आचाऱ्याची खैर नसायची. पण मन मोठं. एवढा एक उन्हाळा करून बघ म्हणाले. पौर्णिमानं जुनी टायरं रचली, फुटकी टिपाडं उभी केली, कडब्यानं भरलेली पोती आडवी टाकली आणि चारी बाजूंनी दुहेरी जाळी ताणली. पाटी लावली. पाटीवर मार्कर असं लिहूनसुद्धा गाव तिला बंदूकवाली म्हणायला लागलंच.

"बंदूक न्हाई, मार्कर," ती प्रत्येकाला सांगायची.

"हां हां, मार्कर. काय बे, बंदूकवालीकडं गेलतास का?" पोरं लगेच एकमेकांना विचारायची.

फवारणीचे पंप दुरुस्त करणारे धुळाजीमामा हे तिचं पहिलं गिऱ्हाईक नव्हे, सुटं सामान देणारा पहिला दुकानदार. मार्करच्या आतल्या रबरी कड्या झिजतात, वाळतात. कडी गेली की फिस्स, दाब गेला. धुळाजीमामांच्या डब्यात पंपाच्या कड्यांचा ढीग. तिनं मापानं जुळवून काही निवडल्या.

"कापसाच्या पंपाचं सामान बंदुकीला?"

"मार्करला, मामा. आतल्या जागी चालतंय. बाटलीच्या तोंडाला मात्र न्हाई चालत. हा गॅस पिऊन तुमची कडी फुगती, मऊ पडती. तिथं पुण्याची पिवळीच लागती."

"अन् तेल? माझ्याकडं ग्रीस हाय, इंजिनऑइल हाय. बचकभर घाल, लोण्यासारखं चालंल."

"तेवढं नका सांगू. तुमच्या तेलानं रबर सडंल."

तिच्याकडं मार्करच्या तेलाची बारकी कुपी होती. रोज खेळ संपल्यावर ठरलेलं काम. आधी गोळ्यांचा डबा काढायचा, मग बाटली सोडवायची, मोकळ्या जागेकडं नळी धरून घोडा ओढायचा, म्हणजे आत उरलेला दाब निघून जातो. मग पिना काढून बोल्ट बाहेर. मऊ फडकं. नळीतून दोरीला बांधलेलं फडकं एका दमात ओढायचं. बाहेरचा रंग ओल्या फडक्यानं जातो, पण आत पाण्याचा थेंब नको. शेवटी बाटली जिथं बसते त्या तोंडात तेलाचे थोडेसे थेंब, आणि नळीच्या टोकावर कापडी टोपी. केशरबाई टपरी बंद करून तिथं येऊन बसायच्या आणि बघत राहायच्या. त्यांना ते आवडायचं. पानाचंबी असंच असतं, म्हणायच्या. रोज उलथायचं, पुसायचं, डागी पान बाजूला काढायचं. आळस केला की ढीगच्या ढीग सडतो.

मैदान सुरू झालं. गेवराईकडचे कॉलेजकुमार आले, बीडहून एक वाढदिवस आला. पण रांगा काही लागल्या नाहीत. एक दिवस अण्णांनी पौर्णिमाला गल्ल्याजवळ बोलावलं.

"पोरी, बस. एक पाहुणा आलाय माझ्याकडं. मागच्या माळावर गाड्या धुवायचं सेंटर टाकतो म्हणतोय. ट्रकावर ट्रक लागतील, हाटेलबी चालंल."

पौर्णिमानं मागच्या दारातून माळाकडं बघितलं.

"मी त्याला हो म्हणलो न्हाई. तुलाबी न्हाई म्हणत न्हाई. रईवारी तुझ्याकडं बीडच्या दवाखान्याची सगळी फौज यायलीय ना?"

"नर्सबाया अन् ऑफिसवाले. दोन्ही टीम."

"मग रईवारी मी पाहुण्याला घेऊन येतो. दोघं मिळून बघू. धंदा दिसला तर माळ तुझा. न्हाई दिसला तर उन्हाळा संपायची वाट बघायची न्हाई. कबूल?"

"कबूल," पौर्णिमा म्हणाली. "पाहुण्यालाबी एक मास्क काढून ठेवते."

*

शनिवारी ती बाटल्या भरायला बीडला गेली. आग विझवायची नळकांडी भरून देणारा एक दुकानदार तिथं वजन करून गॅस भरून द्यायचा. घरी भरायच्या भानगडीत ती कधी पडली नाही. ती दुकानात असतानाच पुण्याहून बसच्या पार्सलनं गोळ्यांची खोकी चौसाळ्याला उतरली आणि केशरबाईंचा फोन आला.

"आल्यात गं गोळ्या. काय करू?"

"माय, ऊन लागू देऊ नको. तापल्या की मऊ पडतेत, नळीतच फुटतेत. गार जागी ठेव."

"गार? ते मला नको शिकवू. चाळीस डिग्रीत पानं जगवते मी."

"बरं," म्हणून पौर्णिमानं फोन ठेवला आणि बाटलीचं वजन बघायला वळली.

रविवारी तांबडं फुटायला दोघी टपरीवर पोचल्या. उन्हं चढायच्या आत खेळ सुरू करायचा होता. केशरबाईंनी फळकुटाखाली हात घालून पानांची मोठी टोपली ओढली. पानं नव्हती त्यात. वर ओलं गोणपाट, चांगलं निथळतं.

"रातच्याला दोनदा पाणी मारलंय," केशरबाई कौतुकानं म्हणाल्या. "हात लावून बघ. गारढोण!"

पौर्णिमानं गोणपाट उचललं.

गोळ्यांचं साल जिलेटिनचं असतं. पाणी लागलं की ते फुगतं, चिकट होतं. टोपलीत लाल, पिवळ्या, निळ्या गोळ्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. पाक जास्त झालेल्या बुंदीसारख्या. केशरबाईंनी प्रत्येक पिशवी मायेनं फोडून मोकळी केली होती, आतल्या गोळ्यांनाही गारवा लागावा म्हणून.

"आई," पौर्णिमा म्हणाली. नेहमीचं माय तोंडातून आलंच नाही.

"काय झालं?"

"ह्यांना पाणी चालत न्हाई गं."

केशरबाईंनी एक गोळी उचलली. ती दुसरीला घेऊनच वर आली. त्यांनी बोटानं दाबली, तर रंग मनगटापर्यंत ओघळला. तरी त्या म्हणाल्या, "तूच म्हणलीस ना गार?"

"मी गारच म्हणले. कोरडं म्हणले न्हाई." पौर्णिमानं कपाळावर हात मारला आणि मग तोच हात खाली घेऊन टोपली आपल्याकडं ओढली. "चूक माझी. पानवालीला गार म्हणल्यावर ती दुसरं काय करणार?"

"फोन कर त्यास्नी. पुढच्या रईवारी बोलाव."

"पुढच्या रईवारी इथं ट्रक धुवायला लागतील, माय. सगळं असंच हाय का? एखादं खोकं राह्यलंय?"

राहिलं होतं. टोपलीत मावलं नाही म्हणून एक खोकं तंबाखूच्या डब्यांच्या फळीवर तसंच बंद ठेवलं होतं. कोरडं ठणठणीत. पण ते एकटं सगळ्या फौजेला पुरणारं नव्हतं.

पौर्णिमानं पिशवीतून एका मार्करची नळी काढली आणि टोपलीच्या मधोमध, जिथवर पाणी पोचलं नव्हतं, तिथली एक गोळी उचलली. गोळी नळीत सोडली. जराशी अडखळत ती खालच्या टोकातून हातात पडली. दुसरी सोडली, ती मधेच अडकली.

"जी पार होती ती आपली. जी अडकती ती फेकायची," ती म्हणाली. "स्वस्त मार्करची नळी जरा सैल असती. महागाचा घेतला असता तर ह्यातली एकबी गेली नसती."

"आण इकडं."

केशरबाईंनी पदर खोचला, हात पुसून कोरडे केले आणि टोपलीपुढं मांडी घातली. पहिल्या काही गोळ्या त्यांनी नळीतून सोडून बघितल्या. मग नळी बाजूला ठेवली. रोज पानांच्या कवळ्या उलथणारी बोटं ती. ओलसर लागली की डावीकडं, कोरडी आणि टणक लागली की उजवीकडं. बघायचीही गरज नव्हती. त्या रस्त्याकडं बघत होत्या आणि हात आपोआप चालत होते. पौर्णिमा मागून उजवीकडच्या गोळ्या नळीतून काढत होती. अडकलेल्या फार थोड्या निघाल्या.

"बघ, लागला ना माझा उपयोग," केशरबाई म्हणाल्या.

"आधी नुकसान, मग उपयोग."

"तुझ्या बापाला मी रोज हेच म्हणायची."

उजवीकडचा ढीग बरा दिसत होता, पण पुरेसा नव्हता. प्रत्येकाच्या डब्यात जेमतेम मूठभर गोळ्या येणार. नेहमी डबा गच्च भरून द्यायचा असतो. मजा त्यातच असते असं लोक समजतात. पौर्णिमानं ढिगाकडं बघितलं, मार्करकडं बघितलं, आणि शिट्टी गळ्यात घातली.

"चल माय. आज खेळ बदलू."

*

दवाखान्याची गाडी आली ती गाणी म्हणतच. नर्सची टीम एकीकडं, ऑफिसची दुसरीकडं. नर्समध्ये पुढं सुनिता सिस्टर, वॉर्डाच्या इन्चार्ज; दिवसभर आवाज चढवून बोलायची सवय. ऑफिसचे म्होरके रामहरी साहेब. सगळ्यांच्या रजेच्या अर्जावर सही त्यांची, आणि ती सही सहसा होत नाही, हे गाडीतून उतरताउतरताच सगळ्या माळाला कळलं.

"साहेब, आज कुठं लपायचं ते आत्ताच बघून ठेवा हं," सुनिता सिस्टर म्हणाल्या.

"खेळाडू वृत्तीनं घ्यायचं असतं, सिस्टर."

"घेतेच की. माझी दिवाळीची रजा कुठं पडलीय, ती आज शोधून काढते."

तेवढ्यात अण्णा पाहुण्याला घेऊन आले आणि जाळीबाहेरच्या खुर्च्यांवर बसले. पौर्णिमानं सगळ्यांना गोल उभं केलं. तिचा आवाज हॉटेलच्या चुलीपर्यंत पोचत होता.

"ऐका! मास्क जाळीच्या आत काढायचा न्हाई. घाम आला, खाज आली, फोटो काढायचाय, तरी न्हाई. नळीवरची टोपी मी सांगितल्यावर काढायची. हा खटका मागं असला की मार्कर बंद. डाग पडला की हात वर आणि बाहेर. जवळ आलेल्याला मारायचं न्हाई, नुसतं 'शरण' म्हणायचं. आणि आज प्रत्येकाला मूठभरच गोळ्या."

"एवढ्याच?" ऑफिसमधला एकजण कुरकुरला. "व्हिडिओत तर धडाधड मारतात."

"धडाधड मारणाऱ्याला नेम लागत न्हाई म्हणून तो धडाधड मारतो. आज ज्याच्या गोळ्या संपल्या, तो फक्त पळणार. राखून वापरा."

सुनिता सिस्टरांना ते लगेच पटलं. "बरोबर हाय. सुई एकच असली की शीर नीट शोधावी लागती. चला गं!"

पौर्णिमानं प्रत्येक मार्करमधून सुटणाऱ्या गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर तपासला. उन्हात गॅस फुगतो आणि गोळी जोरात लागते, म्हणून दोन-तीन मार्करचा स्क्रू थोडा फिरवून वेग कमी केला. शिट्टी वाजली.

पहिली गोळी बराच वेळ कुणीच मारली नाही. माळ गप्प. टायरांच्या मागून टिपाडाच्या मागं कुणीतरी रांगत होतं, खडे कुरकुरत होते. मूठभर गोळ्या आहेत म्हटल्यावर प्रत्येकजण दुसऱ्याला चुकवायला बघत होता. मग एकदम, फट्ट! ऑफिसचा एकजण हात वर करून बाहेर आला, खांद्यावर पिवळा डाग. नर्सबायांनी असा काही आरडाओरडा केला की हॉटेलातले ट्रकवाले चहाचे कप घेऊन जाळीपाशी आले.

आणि तेव्हाच एका नर्सनं ओरडून सांगितलं, "ताई, माझा फिसफिस करतोय!"

पौर्णिमानं शिट्टी मारून खेळ थांबवला, सगळ्यांना टोप्या घालायला लावल्या, तो मार्कर घेतला आणि हातात दुसरा दिला. बिघडलेला घेऊन ती कोपऱ्यात बसली. बाटली सोडवली, तोंडाची पिवळी कडी चिरली होती. खिशातून नवी काढली, बसवली, बाटली लावली, कान जवळ नेला. आवाज बंद. आईकडं देत म्हणाली, "हा राखीव." ट्रकवाल्यांच्या कपातला चहा निवायच्या आत खेळ परत सुरू झाला.

खुर्चीत बसून अण्णांना नीट दिसेना. रामहरी साहेब एका पोत्याआड दडले होते आणि सुनिता सिस्टर पोटावर सरपटत त्यांच्या दिशेनं निघाल्या होत्या. आता होतंय काय, म्हणून अण्णा उठले, जाळीचं दार ढकललं आणि पांढऱ्या शर्टात, उघड्या तोंडानं, दोन पावलं आत आले.

शिट्टी एवढ्या जोरात वाजली की रस्त्यावरची मोटारसायकल थांबली.

"सगळे खाली! नळ्या जमिनीकडं! खटके मागं!" आणि मग, त्याच आवाजात, "अण्णा, बाहेर!"

"अगं, मी नुसतं बघायलो..."

"मास्क न्हाई. बाहेर व्हा आधी."

"पोरी, माळ माझा हाय."

"माळ तुमचा हाय, अण्णा. डोळेबी तुमचेच हायेत. बाहेर."

सगळे बघत होते. नर्सबाया, ऑफिसवाले, ट्रकवाले, आणि जाळीपलीकडून गाड्या धुवायचा पाहुणा. केशरबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. पौर्णिमा हलली नाही. दाराकडं दाखवलेला तिचा हात तसाच ताठ. अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले. दार तिनं स्वतः लावलं.

"पाहुण्यापुढं शोभा केलीस," ते जाळीतून हळूच म्हणाले.

"तुमच्यासाठी एक मास्क राखून ठेवलाय," तीही हळूच म्हणाली. "खेळायचं असंल तर पुढच्या डावात या. ऑफिसवाल्यांत एक माणूस कमी हाय."

पहिला डाव सुनिता सिस्टरांनी शेवटच्या गोळीवर घेतला. पोत्याच्या कडेनं रामहरी साहेबांचा बूट तेवढा दिसत होता. सिस्टरांनी थांबून, श्वास रोखून, एकदाच घोडा ओढला. बुटावर लाल डाग.

"दिवाळी मंजूर!" सगळ्या नर्सबाया एका सुरात ओरडल्या.

दुसऱ्या डावात मास्क लावलेला एक पांढरा शर्ट ऑफिसच्या बाजूनं उतरला. अण्णांना वाकायची सवय नव्हती. टिपाडाच्या वर त्यांचं डोकं आणि बाजूला पोट दिसायचं. तरी त्यांनी दोन नर्सबायांना बाद केलं आणि त्यावर एवढे खूश झाले की लपायचं विसरले. फट्ट! छातीच्या मधोमध निळा डाग. हात वर करून ते बाहेर आले ते लहान लेकरासारखे हसत.

"लागलं का, अण्णा?" केशरबाईंनी विचारलं.

"मुंगी चावल्यागत. पण डाग जाईल का गं?"

"साध्या पाण्यानं जातोय. इथंच काढून देते," पौर्णिमा म्हणाली.

अण्णांनी शर्टाकडं बघितलं. "असू दे, असू दे." आणि तसेच पाहुण्याला घेऊन गल्ल्यावर जाऊन बसले.

*

उन्हं उतरली तेव्हा माळ रिकामा होता. दवाखान्याची गाडी दुपारीच गेली. जाताना सुनिता सिस्टर सांगून गेल्या की पुढच्या खेपेला डॉक्टर लोकांना आणते, त्यांच्यावर तर लईच हिशेब बाकी हाय. पौर्णिमा सतरंजीवर मार्कर खोलून बसली होती. बोल्ट एका फडक्यावर, कड्या एका वाटीत. केशरबाई नळ्यांतून दोरीचं फडकं ओढत होत्या. भिजलेल्या गोळ्यांची टोपली त्यांनी मघाच, पौर्णिमा बघत नसताना, लांब खड्ड्यात रिकामी करून आणली होती.

अण्णा आले. शर्ट तोच. डाग वाळून कडक झाला होता.

"दिवसभर गिऱ्हाइकं हेच इचारायलेत," ते खाली बसत म्हणाले. "अण्णा, काय लागलं, अण्णा, काय लागलं. सांगून सांगून घसा बसला. चारजण तर इथं येऊन पाटी वाचून गेले."

"अन् पाहुणा?" केशरबाईंनी विचारलं. त्यांचा हात थांबला होता.

"पाहुण्याला चहा पाजून लावून दिलं. म्हणलं, हा माळ गुंतलाय." अण्णांनी पौर्णिमाकडं बघितलं. "तू मला बाहेर काढलंस तवा लई राग आलता. खरं सांगतो. मग गल्ल्यावर बसून म्हणलं, जी पोरगी माळाच्या मालकाला बाहेर काढती, तिच्याकडं लोक आपली लेकरं बिनघोर धाडतील. अन् मूठभर गोळ्यांचं तू लई डोकं लावलंस. लोकं कशी टपून बसली व्हती!"

पौर्णिमानं आईकडं बघितलं. केशरबाई दोरीकडं बघत होत्या.

"ते मायचं डोकं," पौर्णिमा म्हणाली. "गोळ्या तिनंच निवडल्या."

"काय सांगतीस! केशरबाई, तुमाला ह्यातलं कळतंय?"

"पानासारखंच असतंय सगळं," केशरबाई म्हणाल्या. "फक्त कोरडं ठिवायचं."

अण्णांनी तेलाची कुपी उचलली. मार्करच्या तोंडाकडं बघितलं, आणि आचारी कढईत तेल सोडतो तशी कुपी उलटी करायला निघाले.

"अण्णा!" दोघी मायलेकी एकदमच ओरडल्या.

"थेंब थेंब," पौर्णिमा म्हणाली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून कुपी सरळ केली. "असं. हळूच. आता मोजा तुमीच."